चिल्वोलची अट

सातवा महिना, नववा दिवस

वन्संचे यजमान आज अन्गांगहून गाढवावर बसून आले. घामानं टोपीची फीत गळ्याला चिकटली होती. पाणीसुद्धा न मागता म्हणाले, "वहिनी, आधी दार लोटा."

दार लोटलं. एरवी मी पडद्याआडून बोलते आणि ते खांबाकडे बघून उत्तर देतात. आज दोघांनाही त्याचं भान राहिलं नाही.

राजधानीतून हुकूम निघाला आहे. यापुढे कुणी कुणाचा गुलाम नाही. सरकारी नाही, घरचाही नाही. माणूस विकणं बंद आणि विकत घेणंही बंद.

"मग ओक्से कोण? चिल्वोल कोण?" मी विचारलं.

"माणसं," भाऊजी म्हणाले, आणि आपलंच उत्तर ऐकून टोपीची फीत सोडू लागले.

मग भिंतीकडे तोंड करून, चुळबुळत, त्यांनी सांगितलं की त्याच कागदावर आणखी एक कलम आहे. नवरा गेलेल्या बाईला, ती कितीही मोठ्या घरची असली तरी, पुन्हा लग्न करायची मोकळीक. मी म्हटलं, असल्या गोष्टी माझ्या घरात बोलू नका. गुलाम आणि विधवा एकाच कागदावर! लिहिणाऱ्याला कागद महाग पडत असेल.

भाऊजींचा सल्ला एकच. भात कोठारात पडेपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही. आठ वर्षांपूर्वी गुलामांच्या मुलांबद्दल असाच एक हुकूम निघाला होता. तो आमच्या गावापर्यंत चालत आलाच नाही. हाही वाटेत कुठेतरी दमून बसेल.

बोलणं चालू असताना चिल्वोल सातूचं गार पाणी ठेवून गेली. भाऊजी अडखळले. मी म्हटलं, बोला हो. चिल्वोल माझ्या माहेरची. लग्नात माझे पेटारे आले, तशी तीही आली. तिच्या कानावर पडतं, पण डोक्यात शिरत नाही.

माझं ठरलं. कापणी होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. हे गेल्यापासून तीन वर्षं हे घर मी एकटीनं उभं ठेवलंय. एका कागदानं ते बसणार नाही.

सातवा महिना, अकरावा दिवस

ही माणसं उठून गेली तर? दिवसभर मनात दुसरं काही नाही. चिल्वोल आणि तिचा नवरा ओक्से. दुसरे दोघे गडी, सख्खे भाऊ, आणि त्यांच्या बायका. आणि म्हातारी, जी आता फक्त चिमण्या हाकते. एवढ्यांवर वरची खाचरं, ओढ्याकाठची खाचरं, तुतीचा मळा, सगळं उभं आहे. मला भात ताटात कसा दिसतो ते ठाऊक आहे. शेतातलं भात मी पालखीच्या फटीतून पाहिलंय.

पण एक खरं लिहिते. इथे कोण वाचणार आहे? यांना वर्षभर जेवू घालायचं, उन्हाळ्याचं एक आणि हिवाळ्याचं एक कापड द्यायचं, दुखणीखुपणी काढायची. शेतात खरं काम असतं ते वर्षातले निम्मे दिवस. शेजारच्या ली घराण्यानं पूर्वीच सगळी माणसं सोडून दिली आणि जमिनी अर्धेलीनं लावल्या. आम्ही त्यांना हसलो. कोठार मात्र त्यांचं आमच्याआधी भरतं. बर्फ पडतं तेव्हा त्यांच्या दारात एकही खाणारं तोंड नसतं.

हे मी यांच्यापाशी एकदा बोलले होते. हे म्हणाले, "माणसं नसलेलं घर म्हणजे व्यापाऱ्याचं दुकान." आता वाटतं, दुकानच बरं होतं.

सातवा महिना, पौर्णिमा

आज गड्यांचा सण. बेणणी संपली, विळे-खुरपी धुऊन ठेवली. यंदा मी हात सैल सोडला. तांदळाची दारू दुप्पट दिली आणि प्रत्येकाला नवं कापड.

चिल्वोल कापडावरून हात फिरवत म्हणाली, "एवढं? यंदा काय विशेष, बाईसाहेब?"

"पीक चांगलं आलंय."

"हो," ती म्हणाली. "फारच चांगलं आलंय."

अंगणात दोघे भाऊ कशावरून तरी खो खो हसत होते. मी दिसताच हसणं थांबलं. नवं कापड बघून हरखले असणार.

आठवा महिना, तिसरा दिवस

ओढ्यापलीकडे एक पडकी झोपडी आहे. ओक्से तिच्यावर नवं छप्पर घालतोय. विचारलं तर म्हणाला, पेंढा ठेवायला. मी म्हटलं, पेंढ्याच्या खोलीला धुराडं कशाला बांधतोस? म्हणाला, धूर केला की उंदीर येत नाहीत.

कुणी न सांगता घराची एवढी काळजी घेतो. असली माणसं कागदानं बदलत नसतात.

आठवा महिना, सोळावा दिवस

काल पितरांना नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवला. लवकरच्या जातीचा एक तुकडा त्यासाठीच लावलेला असतो. पाइनच्या पानांवर उकडलेले तांदळाचे मोदक उरले, ते वाटले. चिल्वोलनं दरवर्षीप्रमाणे आपल्या वाट्यातले मूठभर फडक्यात बांधून बाजूला ठेवले. कुन्नेसाठी. कुन्ने अन्गांगला, मोदक इथे. दोन दिवसांनी बुरशी धरते आणि ती ते कोंबड्यांना टाकते. दरवर्षी हेच चालतं. मी काही बोलत नाही.

कुन्ने तिची मुलगी. वन्संना तिसरं मूल झालं आणि त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मुलाला खेळवायला म्हणून मी ती त्यांना दिली. सात वर्षांची होती. चांगलं घर आहे, तिथं तिला काही कमी पडलं नसणार. निघताना चिल्वोल रडलीसुद्धा नाही. तिलाही पटलं होतं.

नववा महिना, दुसरा दिवस

आज कापणी धरायची होती. उन्हं वर आली तरी खाचरांतून आवाज येईना, म्हणून मी स्वतः बांधापर्यंत गेले. सगळे बांधावर ओळीनं बसले होते. विळे गवतात आडवे. म्हातारीसुद्धा त्यांच्यात.

"ऊन बघा कुठं आलंय," मी म्हटलं. "विळे खाली का?"

ओक्से उठून उभा राहिला. "विळ्यांना धार लावलीय, बाईसाहेब. बोलणं तेवढं राहिलंय."

"कसलं बोलणं?"

"ओढ्याकाठची खाचरं आम्हाला अर्धेलीनं द्यायची. याच पिकापासून. वरची खाचरं आम्ही कापू, पण मजुरी घेऊन. आणि म्हातारीला तिची खोली आणि भात, ती असेपर्यंत."

मी म्हटलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

धाकटा भाऊ म्हणाला, "पोटाला कुणी शिकवावं लागतं होय?" त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं.

मग चिल्वोल उठली. डोक्याचं फडकं सोडून तिनं पुन्हा घट्ट बांधलं.

"आणि कुन्ने," ती म्हणाली.

"कुन्ने वन्संची आहे."

"ती आता कुणाची नाही. पण मी आणायला गेले तर वन्सं अंगावर कुत्रं सोडतील. तुम्ही गेलात तर आसन देतील. तुम्ही दिलीत, बाईसाहेब. तुम्हीच आणा. ती या बांधावर उभी राहीपर्यंत एक लोंबी तुटायची नाही."

वीस वर्षांहून अधिक काळ हीच बाई माझे केस विंचरते. मी तिला काय कमी केलं?

नववा महिना, तिसरा दिवस

सकाळीच मजूर शोधायला माणूस पाठवायचा होता. पाठवायला माणूसच नाही. डोक्यावरून झगा ओढून मीच गेले. ली घराण्याच्या कुळांकडे गेले, गिरणीवाल्याकडे गेले. जो तो आपल्या शेतात. एक म्हातारा म्हणाला, "बाई, आज सोन्याची नाणी दिलीत तरी माणूस मिळायचं नाही. चार महिन्यांपूर्वी यायचं होतं, मूठभर सातूवर मिळालं असतं."

पश्चिमेकडून वारा सुटलाय. भात इतकं पिकलंय की वाऱ्यानं दाणे गळतात. खाली चिमण्यांची जत्रा, आणि त्यांना हाकणारी म्हातारी बांधावर पाय पसरून बसलेली.

परत येऊन पाटावर बसले आणि आकडे मांडले. अर्धं दिलं तर अर्धं उरतं. हिवाळ्यात त्यांचं पोट त्यांच्या अर्ध्यातून भरणार, माझ्या अर्ध्यातून नाही. पुन्हा मांडले. पुन्हा तेच. माझं नुकसान फार थोडं आहे. कदाचित नाहीच. मग एवढा राग कशाचा येतोय, ते कळत नाही.

संध्याकाळी चिल्वोलला सांगितलं, "उद्या निघायचं."

"ओक्से आणि थोरला पालखी उचलतील," ती म्हणाली. "अन्गांगपर्यंतचं भाडं..."

"भाडं? माझ्या पालखीचं?"

"पालखी तुमची. खांदे त्यांचे."

"मग मी चालत जाईन."

तिला वाटलं, मी रागात बोलतेय. रागात बोललेच. पण चालत जाणार म्हणजे जाणार.

नववा महिना, चौथा दिवस. अन्गांग

चालले. सितीच्या खिंडीत पायाला फोड आला, उतरणीवर फुटला. चिल्वोलनं गवत आणि फडकं बांधून दिलं. मी रस्ता कधी असा पाहिला नव्हता. पालखीत बसलं की रस्ता म्हणजे नुसते हेलकावे. पायी चाललं की तो चढतो, उतरतो, चिखल होतो, संपता संपत नाही.

वन्संनी मला पायी आलेलं पाहून तोंडावर हात घेतला. चिल्वोलला दरवाजातच थांबवलं.

कुन्ने पाय धुवायला पाणी घेऊन आली. सोळा वर्षांची झालीय, ओक्सेसारखी उंच. दरवाजाकडे जाऊन आली, तेव्हा मी विचारलं, "ओळखलंस का बाहेर कोण बसलंय ते?" म्हणाली, "कुणीतरी मावशी आहेत. पाणी दिलं त्यांना."

नववा महिना, सातवा दिवस. घरी

आता सगळं नीट लिहून काढते. खालून चुलीच्या धगीनं तापलेल्या जमिनीवर पाय टेकवून बसलेय.

पाच तारखेला सकाळी वन्संशी बोलले. बोलले म्हणजे भांडले. त्या म्हणाल्या, "नऊ वर्षं खाऊ घातलं तिला. लहान होती तेव्हा अर्धं काम आणि पुरतं जेवण. आता कुठे कामाला आलीय, तर न्यायला आलात."

"वन्सं, हुकमानं ती तशीही मोकळीच आहे."

"मग तिलाच विचारा." आणि कुन्नेला हाक मारली. "जायचंय का गं तुला?"

कुन्ने खाली बघून म्हणाली, "आपण सांगाल तसं." वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही त्या जिंकल्या.

पण मी रिकाम्या हातानं परतणार नव्हते. तिकडे भात गळत होतं. शेवटी वन्संची नजर माझ्या बोटावर गेली. सासूबाईंची जेडची जोड-अंगठी. ती लेकीला न देता त्यांनी सुनेला दिली, हे वन्संच्या मनातून कधी गेलंच नाही. म्हणाल्या, "आईची वस्तू आईच्या मुलीकडे येऊ दे. मग न्या हिला." मी अंगठी काढली. निघाली नाही सहज, तेल लावावं लागलं.

आम्ही तिघी निघालो. मला स्वतःचा अभिमान वाटत होता, खोटं का लिहू? कुन्ने सवयीनं माझ्यामागे चार पावलं अंतर ठेवून चालत होती. चिल्वोलनं तिला हाताला धरून आपल्या शेजारी ओढलं. मुलगी पुन्हा मागे गेली. चिल्वोलनं पुन्हा ओढलं.

खिंडीत पाणी प्यायला बसलो तेव्हा चिल्वोल एकदम म्हणाली, "बाईसाहेब, अंगठी?"

"तुझ्या मुलीपायी गेली," मी म्हटलं. मला वाटलं, आता ही पाया पडेल.

ती दगडावर बसली ती उठेचना. "परत चला."

"काय?"

"परत चला आणि अंगठी घेऊन या."

"डोकं फिरलंय तुझं? मुलगी मिळाली ना?"

"मिळाली कुठे? विकत घेतलीत तुम्ही." तिचा आवाज चढला नव्हता. मला ते जास्त लागलं. "नऊ वर्षांपूर्वी ही तुमची देणगी होती. आज तुमची खरेदी झाली. उद्या गावात कुणीही म्हणेल, बाईंनी जेड देऊन सोडवली. परवा तुम्हीच म्हणाल. मग हिला मोकळी कुणी केली? अंगठीनं?"

"तुझ्यासाठी मी सासूबाईंची..."

"माझ्यासाठी नाही. भातासाठी. आणि त्याचा मला राग नाही. भातासाठी आलात, ते चोख आहे. पण खरेदी-विक्री बंद आहे, असं त्या कागदात आहे."

"कागदात काय आहे ते तुला कुणी वाचून दाखवलं?"

"तुम्ही आणि भाऊजींनी. सातूचं पाणी कोण घेऊन आलं होतं?"

म्हणजे पहिल्या दिवसापासून. म्हणजे ते कापड, ती दुप्पट दारू, ते झोपडीचं धुराडं.

"मग दोन महिने थांबलात कशाला? तेव्हाच का गेला नाहीत?"

"भर उन्हाळ्यात गेलो असतो तर तुम्ही चार शिव्या घालून दार लावून घेतलं असतं. खाचरात हिरवं गवत होतं तेव्हा. भात पिकलं की माणसाला किंमत येते." मग तिरप्या नजरेनं, "त्या कागदात तुमचंही काही होतं म्हणे."

"तोंड सांभाळ."

"सांभाळलं," ती म्हणाली, पण ओठांचा कोपरा हलला.

मी तिला खूप बोलले. कृतघ्न म्हटलं, दगड म्हटलं. ती ऐकत होती आणि दगडावर बसलेली होती. ती मुलगी आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. आपल्यावरून एवढं भांडण होऊ शकतं, हे तिला नवीन असावं. ढग डोक्यावर आले होते. शेवटी माझ्या ध्यानात आलं की ही मुलगी गावात नेली तरी चिल्वोल विळा उचलणार नाही. मी तिला ओळखते. लहानपणी माझ्या आईनं हिला तीन दिवस उपाशी ठेवलं होतं, तरी हिनं बरणी फोडल्याचं कबूल केलं नव्हतं. बरणी मी फोडली होती.

परत फिरले. त्या फुटलेल्या पायानं.

मुक्काम खिंडीखालच्या खानावळीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वन्संच्या दारात. नेमक्या शेजारच्या दोन बायका रेशीम बघायला आलेल्या. अंगठी वन्संच्या बोटात. मी ठरवलं, बायका आहेत तेच बरं.

"वन्सं," मी मोठ्यानं म्हटलं, "आपण दोघींनी गुन्हा केलाय."

"हे काय वहिनी, आल्या आल्या?"

"माणसाची खरेदी-विक्री बंद झालीय. मी काल विकत घेतलं, तुम्ही विकलंत. माझ्या जिवाला चैन पडेना. मी कचेरीत जाऊन सांगणार आहे. मी विधवा बाई, मला काय शिक्षा करणार? पण भाऊजींची कचेरीत ऊठबस आहे. त्यांचं काय होईल, तेवढीच काळजी वाटते."

शेजारणींच्या हातातलं रेशीम तिथंच राहिलं. वन्संचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "मला काही विकायचं नव्हतं! आईची आठवण म्हणून..."

"मग आठवण परत द्या आणि पोरीला तशीच जाऊ द्या. गुन्हाच उरत नाही."

वन्संनी अंगठी ओढून काढली आणि फेकली. ती घरंगळत पेटीखाली गेली. कुन्ने सवयीनं वाकली. अंगणातून चिल्वोलचा आवाज आला, "कुन्ने, राहू दे."

मुलगी अर्धी वाकलेली तशीच थांबली. मग सरळ उभी राहिली.

कुणीच हलेना. वन्सं माझ्याकडे बघत होत्या, शेजारणी माझ्याकडे बघत होत्या. मग मीच गुडघे टेकले, पेटीखाली हात घातला आणि धुळीतून अंगठी काढली. माझ्या हातून जमिनीवरची वस्तू मी शेवटची कधी उचलली होती, आठवत नाही.

येताना खिंडीत पाऊस आला नाही. बाकी सांगण्यासारखं काही नाही. फक्त उतरणीवर चिल्वोल त्या मुलीला म्हणाली, "मी मावशी नाही." मुलगी म्हणाली, "कळलं होतं मला. पण पटलं ते अंगणातून हाक मारलीत तेव्हा."

नववा महिना, आठवा दिवस

उजाडायच्या आत विळे चालू. इतक्या जोरात कापणी मी कधी ऐकली नाही. ओढ्याकाठच्या खाचरांत तर हे लोक जेवायलासुद्धा थांबले नाहीत. माझ्या कामाला कधी असे भिडले नव्हते. अर्ध्यात एवढी ताकद असते हे ली घराण्याला आधीच कळलं असणार.

नववा महिना, बाविसावा दिवस

मळणी उरकली. खळ्यावर दोन राशी घातल्या. ओक्सेनं मापं घातली, मी बघत होते. चुकवलं नाही त्यानं, उलट शेवटचं माप माझ्या राशीवर ओसंडून टाकलं. मी म्हटलं, "एवढं नको." म्हणाला, "घ्या. पुन्हा कुणी म्हणायला नको."

अर्धं देऊनसुद्धा माझ्या हाती गेल्या वर्षीएवढंच राहिलं. हिवाळ्याचं कापड द्यायचं नाही, वसंतात उसनं धान्य द्यायचं नाही. खरं म्हणजे ही सगळी युक्ती मीच आधी काढायला हवी होती. लोक म्हणतात, चो घराण्याच्या विधवेला तिच्या गड्यांनी नमवलं. म्हणू देत. कोठार माझं भरलंय.

दुपारी चिल्वोलनं तिच्याकडे असायच्या त्या घराच्या किल्ल्या आणून माझ्यासमोर ठेवल्या.

"हे काय?"

"आम्ही ओढ्यापलीकडे राहायला जातोय."

"तू कशाला जातेस? खाचरं ओक्से करेल. तुझी खोली आहे इथं. मी तुला कधी घराबाहेरची मानलं का?"

"नाही," ती म्हणाली. "म्हणूनच जाते."

याचा अर्थ काय, मला अजून लागलेला नाही. ती मात्र जाताना रडली. मुलगी दिली तेव्हा रडली नव्हती.

दहावा महिना, पहिला दिवस

दोघे भाऊ बायकांसह योंगचोनच्या बाजारगावी राहायला गेले. म्हातारी तिच्या खोलीत आहे. भात मी शिजवते. पहिल्या दिवशी कच्चा, दुसऱ्या दिवशी करपला. म्हातारी करपलेला खरवडून खाते आणि म्हणते, "यालाच चव असते." चूल फुंकताना डोळे जातात. पण आज तिसऱ्या फुंकरीला पेटली.

भाऊजींनी निरोप पाठवलाय की घर विकून अन्गांगला राहायला या. नाही म्हणून कळवलं.

दहावा महिना, चौदावा दिवस

दोनदा दहिवर गोठून पांढरं पडलं. आता कोबी उपटून खारवली नाही तर सडेल. हिवाळाभर तोंडी लावायला काही राहणार नाही. एकटीनं होण्यासारखं काम नाही ते. कालपासून मनाची तयारी करत होते. आज ओढा ओलांडून गेले.

झोपडी पाहून थक्क झाले. दारात मुळ्यांचा ढीग, धुराड्यातून धूर, आत कुन्नेचं हसणं. ती एवढ्या मोठ्यानं हसते हे मला माहीत नव्हतं. मी दिसताच ती उठून उभी राहिली. चिल्वोल उठली नाही. मुळा चिरत होती, ती चिरतच म्हणाली, "या, बसा."

मी उभीच राहिले. "कोबी खारवायचीय. तुम्ही तिघं दोन दिवस या. मजुरी काय घ्याल ते सांग. आधी ठरवलेलं बरं."

"मजुरी नको."

मला बरं वाटलं. शेवटी माहेरचं माणूस ते माहेरचं. "तसं नको गं, काहीतरी घे."

"सावड करू," चिल्वोल म्हणाली. "आधी दोन दिवस तुम्ही आमच्याकडे या. मग दोन दिवस आम्ही तुमच्याकडे."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "मी? कोबी धुवायला?"

"हो."

"ओढ्यावर? लोक बघतील."

"बघतील की. डोळे आहेत लोकांना."

"मला येत नाही."

"शिकवेन. भात शिजवायला शिकताय ना? वास येतो इथपर्यंत." कुन्नेनं तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते.

मी तडक निघाले. किती उद्धटपणा! शेजारी शेजाऱ्याशी करतात ती सावड. कूळ आणि मालकीण यांच्यात सावड कधी कुणी ऐकलीय? ओढ्यावरच्या फळीवर अर्ध्यात पोचले. खाली पाण्याला काठानं पातळ काचेसारखं बर्फ धरलं होतं. परसातली माझी सगळी कोबी डोळ्यांसमोर आली. वळले.

"उद्या की परवा?" ओरडून विचारलं.

"परवा!" चिल्वोल दारातून ओरडली. "उजाडलं की या. पाणी फार गार असतं, हातांना तेल चोळून या!"

पेटीतून जुना सुती सदरा काढलाय. बाह्या फार लांब आहेत, पाण्यात भिजतील. एक आखूड करून झाली. आता दुसरी करायला घेते.